डाव्या कुशीतलं बी

मालनला पाणी प्यायला वेळ नसे. ही बोलायची पद्धत नव्हे, खरोखरच नसे. पहाटे साडेचारला ती मासळी घ्यायला बाहेर पडे, सहाला ठाण्यातल्या नौपाड्याच्या कडेच्या बाजारात, ओळीतल्या आपल्या जागेवर पाटी मांडे आणि दुपारी दोनला उठे. मधल्या आठ तासांत एक कटिंग चहा. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं, आणि शेजारची पाटी रंभाची होती.

उठून जायचं कुठं, हा आणखी वेगळा प्रश्न. बाजाराला शौचालय होतं. आत पांढऱ्या फरश्या होत्या, आरसा होता, बाहेर उद्‌घाटनाचा संगमरवरी फलक होता. फक्त दाराला कुलूप होतं, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस कुणी पाहिला नव्हता. उघडं ठेवलं तर लोक वापरतील आणि घाण करतील, असा त्यामागचा विचार असावा. विचारात चूक काढायला जागा नव्हती. पाच वर्षांत त्या शौचालयाला एक डाग पडला नव्हता.

ओळीतल्या अकरा बायकांनी यावर काढलेला तोडगा शौचालयापेक्षा जुना होता. प्यायचंच नाही. मालनची सासू चाळीस वर्षं याच जागेवर न पिता बसली आणि एके वर्षी तापानं गेली. कसला ताप, हे कुणी विचारलं नाही. ताप म्हणजे ताप. सासूनं जाताना मालनला जागा दिली, कोयता दिला, आणि न पिण्याची सवय दिली. तिन्ही मालननं नीट सांभाळलं.

जळजळ सुरू झाली तेव्हा मालन बावन्न वर्षांची होती. तिला त्यात नवल वाटलं नाही, कारण ओळीतल्या अकरांपैकी नऊ जणींना जळजळ होती. उरलेल्या दोघी नवीन होत्या. जळजळीवर उपाय हितेशच्या मेडिकलमध्ये मिळे. हितेश शिकला काय होता ते माहीत नाही, पण त्याच्या अंगावर पांढरा कोट होता आणि तो काही न विचारता औषध देई, त्यामुळे डॉक्टरपेक्षा त्याच्यावर विश्वास जास्त. त्यानं गुलाबी सिरपची बाटली काउंटरवर ठेवली.

"दोन चमचे, दिवसातून तीनदा, थोड्या पाण्यात. आग लगेच बंद."

आग खरोखरच बंद झाली. वर ते गोड होतं. मालननं ओळीत त्याची जाहिरात सुरू केली. महिन्याभरात अकराच्या अकरा पाट्यांखाली, बर्फाच्या बाजूला, एकेक गुलाबी बाटली उभी राहिली. पाण्याचा कंटाळा असलेल्या बायका सिरप मात्र मन लावून पिऊ लागल्या.

मधूनमधून ताप येई. त्यासाठी हितेश अँटिबायोटिकचं पाकीट देई. मालन तीन दिवस गोळ्या घेई, ताप उतरला की थांबे, आणि उरलेल्या गोळ्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. चांगली वस्तू फेकायची कशाला? कोळीवाड्यातल्या त्या आळीत कुणालाही काहीही झालं की माणूस आधी मालनच्या दारात येई. दाढ दुखते, दोन लाल. खोकला, दोन पिवळ्या. कान वाहतो, एक लाल एक पिवळी. डब्याची कीर्ती पलीकडच्या आळीपर्यंत गेली होती. मालनचा नवरा भिवा डब्याकडे अभिमानानं पाही. तो पूर्वी खाडीत होडी घालायचा. खाडीतली मासळी संपल्यावर त्यानं होडी विकली आणि प्रत्येक गोष्टीवर मतं देण्याचा धंदा पत्करला. त्यात मंदी नव्हती.

एक गोष्ट मात्र मालनला खटकली. न्हाणीघरात तिला एक वास येऊ लागला. मासळीचा नव्हे, मासळीचा वास तिला येतच नव्हता, जसा गवळ्याला दुधाचा येत नाही. हा वास नाकात टोचणारा होता, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि ओळखीचा.

"प्राप्ती," तिनं सुनेला हाक मारली, "हितं बर्फाच्या कारखान्यातला गॅस गळतोय."

प्राप्ती डोंबिवलीची. शिकलेली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसणारी. ती आली, हुंगलं, मग सासूकडे पाहिलं.

"आई, कारखाना नाही गळत. तुमचं काहीतरी गळतंय. टेस्ट करू या."

"मना काय झालंय? आग बी नाय आता."

"म्हणूनच."

टेस्ट झाली नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, आणि शुक्रवारी ओळीत बसलं नाही तर रविवारचं गिऱ्हाईक तुटतं, हे कोणत्या लॅबला कळणार? शिवाय रंभा होती. रंभा आणि मालन एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आल्या, एकाच वर्षी ओळीत बसल्या, आणि तेव्हापासून रंभाची पाटी मालनच्या जागेत सरकत होती. एकदम नाही. रोज एक बोट. मालन नळावर गेली की एक बोट, बर्फ आणायला गेली की एक बोट. मालन परत येऊन ती मागे ढकलायची. पंचवीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. एकमेकींच्या मुलांच्या हळदीला नाचल्या होत्या.

फेब्रुवारीत थंडी वाजून ताप आला तो डब्यातल्या गोळ्यांना बधला नाही. तेव्हा प्राप्तीनं रजा टाकली, रिक्षा आणली आणि सासूला डॉ. दक्षता राजाध्यक्ष यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. दवाखाना बाजारापासून पाच मिनिटांवर, किडनीचाच. डॉक्टर चाळिशीची, चष्म्यातून थेट बघणारी. मालननं तिला पाहिलं आणि तापातही तिचा चेहरा उजळला.

"तू राजाध्यक्षबाईंची ना गो? तुजी आय माज्याकडची. पापलेट घेतल्यावर दोन कोलंब्या वर मागते, अजून बी."

"मागते," डॉक्टर म्हणाली. "मालनमावशी, सोनोग्राफी आणि सीटी दोन्ही करायचंय. आत्ता."

केलं. लघवीही तपासली. पडद्यावर डाव्या किडनीच्या जागी एक पांढरी आकृती दिसली, फांद्या फुटलेली.

"याला आम्ही हरणाच्या शिंगाचा खडा म्हणतो."

मालननं हरीण पाहिलं नव्हतं. "ही तर खेकड्याची नांगी," ती म्हणाली. "चांगल्या वजनाची."

"तुमच्या लघवीत एक जंतू आहे. तो लघवीतला युरिया फोडून त्याचा अमोनिया करतो."

"अमोनिया म्हंजे?"

"बर्फाच्या कारखान्यात वापरतात तो."

मालन विजयानं सुनेकडे वळली. "बोलली होती का नाय मी? गॅस गळतोय!"

"आता ऐका. अमोनियामुळे लघवी चुन्याच्या निवळीसारखी होते. त्यात क्षार साचतात, खडा धरतो, आणि तो जंतू त्या खड्याच्या आत राहायला जातो. गोळ्या बाहेरच्या जंतूंना मारतात. आतला मरत नाही."

"घर बांधून बसलाय?"

"घर बांधून."

"ठाण्यात," मालन म्हणाली. "नशीब काढलं मेल्यानं. माज्या पोराला तर इतक्या वर्षांत वन रूम किचन जमला नाय."

डॉक्टर हसली नाही. तिनं सांगितलं की डावी किडनी आत्ताच निम्म्याहून कमी काम करतेय. चौदा दिवस अँटिबायोटिक, एकही गोळी न चुकवता, आणि लगेच दुर्बिणीतून ऑपरेशन. पाठीतून बोटापेक्षा बारीक वाट करायची, खडा फोडायचा आणि सगळा बाहेर काढायचा. नाही काढला तर एक दिवस किडनीत पू होईल आणि ती किडनी जाईल. वेळ साधली नाही तर मालनही.

मालननं नीट ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बंदीत करू."

बंदी म्हणजे जून-जुलै. मासे अंडी घालतात म्हणून सरकार त्यांना दोन महिन्यांची सुट्टी देतं. कोळणीला निराळी सुट्टी नसते, तिला ती माशांच्या कृपेनं मिळते. त्यामुळे कोळीवाड्यात जे काही दुरुस्त करायचं ते बंदीत. होडीला रंग बंदीत, जाळ्याची वीण बंदीत, घराचे पत्रे बंदीत, दात काढणं बंदीत. मालनचा मुलगासुद्धा, थोडी कळ काढून, एक जूनला जन्मला होता. सहा हजार होड्या ज्याची वाट बघतात, त्याची एका खड्यानं वाट बघायला काय हरकत होती?

"मावशी, खड्याला बंदी माहीत नसते," डॉक्टर म्हणाली.

"तू काळजी नको करू. मी गोळ्या घेते ना."

गोळ्या तिनं घेतल्या, सहा दिवस. सहाव्या दिवशी अंगात ताप नव्हता आणि शेजारच्या पोराच्या अंगात होता. उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या.

मग भिवानं मत दिलं. खडवलीला, स्टेशनपासून नदीच्या अंगाला, एक दगडू म्हणून आहे, तो खडे विरघळवतो. नाव दगडू आणि धंदा दगड विरघळवायचा, यातच भिवाला दैवी संकेत दिसला. रविवार मोडायचा नाही म्हणून ते सोमवारी गेले. दगडूच्या ओटीवर काचेची बरणी होती, तीत नानाविध खडे. हे सगळे लोकांच्या पोटातून पडलेले, असं भिवा मालनला दबक्या आवाजात म्हणाला. मालननं बरणी उचलून पाहिली. त्यांतले निदान चार नदीतले गोटे होते. पाण्यानं घासलेला दगड ओळखायला तिला डॉक्टर लागत नव्हता. पण तिनं बरणी परत ठेवली. इतक्या लांब आल्यावर माणूस खोटं निघावं असं कुणाला वाटत नाही.

दगडूनं तिच्या डाव्या कुशीत अंगठा दाबला आणि डोळे मिटले. "सुटलाय," तो म्हणाला. "कडेनं विरघळायला लागलाय. तीन अमावास्या पुडी घ्या."

"डाक्टरनी बोलली फांद्या आहेत."

"आधी फांद्याच पडतात," दगडू म्हणाला. "झाडाचं तसंच असतं."

परतताना भिवा स्वतःचाच खडा विरघळल्यासारखा चालत होता. पुड्या कडू होत्या. मालन त्यांच्यावर सिरप पिई.

एप्रिलच्या एका सकाळी, साडेनऊला, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना मालन थंडीनं कुडकुडायला लागली. पुढं एक बाई बोंबलांचा भाव करत होती. मालनचे दात वाजत होते आणि तोंडातून आकडा फुटत नव्हता. बाईला वाटलं, आपण भाव फार पाडला म्हणून कोळीण रागानं थरथरतेय. ती आपण होऊन वाढवून द्यायला तयार झाली. पंचवीस वर्षांत असं गिऱ्हाईक मालनला मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेव्हा ती आडवी झाली, बर्फावर.

तिला उचललं ते रंभानं. आपली पाटी तशीच टाकून, लुगडं खोचून, तिनं मालनला खांद्याखाली धरलं आणि रिक्षावाल्याला अशी शिवी दिली की तो मीटर टाकायला विसरला.

"गो मालन, डोळे उघड. मरशील तर जागा मी घेन, सांगून ठेवते."

मालननं डोळे उघडले. "घेऊन... बग," ती म्हणाली, आणि पुन्हा मिटले.

हॉस्पिटलमध्ये त्याच दुपारी डॉक्टरनं तिच्या पाठीतून किडनीत एक नळी घातली. पिशवीत जे उतरलं ते पाहून भिवा बाहेर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं कशावरही मत दिलं नाही. पू होता. मोसंबीच्या रसासारखा, अर्धी पिशवी.

तिसऱ्या दिवशी मालनला माणसं ओळखू येऊ लागली तेव्हा डॉक्टर खाटेशी उभी होती आणि तिच्या हातात मालनच्या पिशवीतली गुलाबी बाटली होती.

"हे काय आहे?"

"ते सरबत."

"हे औषध आहे. किती दिवस घेताय?"

"दीड वरस. आग बंद होते त्यानं. आमच्या ओळीत सगळ्याच घेतात, मीच सांगितलं." मालनच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

डॉक्टरनं बाटली टेबलावर ठेवली. "मावशी, दुसऱ्या जातीच्या खड्यांना हे आम्ही स्वतः देतो. ते यानं विरघळतात. तुमचा खडा उलट्या जातीचा. तुमची लघवी आधीच चुन्याची निवळी झालेली, हे तिला आणखी तशीच करतं. म्हणजे खड्याला खतपाणी. दीड वर्ष तुम्ही त्याला दिवसातून तीनदा घातलंत, चमच्यानं मोजून."

मालन बाटलीकडे बघत राहिली. मुलाला तिनं दिवसातून तीनदा कधी काही भरवलं नव्हतं. तो आजोळी वाढला. हा मात्र अगदी वेळेवर पोसला होता.

"आणि गोळ्या? चौदा दिवस घेतल्या?"

उत्तर प्राप्तीनं दिलं. तिनं घरून बिस्किटांचा डबा आणला होता. तो तिनं उघडून खाटेवर धरला. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, अर्धी कापलेली पाकिटं, दोन-तीन वर्षांची.

"आई आमच्या आळीच्या डॉक्टर आहेत," ती म्हणाली. "फी घेत नाहीत."

"प्राप्ती, गप बस."

"मी गप्पच बसलेले फेब्रुवारीत. आता नाय बसणार."

ती डोंबिवलीची असूनही 'नाय' म्हणाली, हे मालनच्या लक्षात आलं. सून खरंच घाबरली होती.

दोन आठवडे शिरेतून औषध चाललं. त्या दोन आठवड्यांत जंतूंनी माघार घेतली, नळीतून पिशवीत उतरणारं पाणी स्वच्छ झालं, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. पोटावर पालथी झोपवून, पाठीतल्या वाटेनं दुर्बीण आत, खड्याचे तुकडे करून ओढून काढले. तीन तास लागले. खड्यानं बंदीची वाट पाहिली नव्हती. बाहेर येतानाही तो सव्वीस दिवस आधीच आला.

चौथ्या दिवशी पुन्हा सीटी झाला. डॉक्टर आली तेव्हा भिवा घरी न्यायच्या तयारीत होता, पिशव्या भरलेल्या.

"बहुतेक सगळा निघाला," डॉक्टर म्हणाली. "किडनीच्या खालच्या कोपऱ्यात एक तुकडा राहिलाय. हरभऱ्याएवढा. त्या कोपऱ्यात त्या दिवशी दुर्बीण वळेना, आणि रक्त वाढायला लागलं म्हणून मी थांबले. पाठीतली वाट अजून उघडी आहे. परवा पुन्हा आत जाऊन तो काढते."

भिवाला मत सुचलं. किती दिवसांनी सुचलं होतं! "आवो म्याडम, हरभरा काय मोठासा? एवढं शिंग काढलंत. आता तो पान्याबरोबर जाईल."

"जाईलही. पण नाही गेला तर?"

"आनि हिनं भोगलंय किती. पाठीला भोक घेऊन पडलीय पोरगी." भिवा त्रेपन्न वर्षांच्या बायकोला पोरगी म्हणत होता, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

 मालनलाही घरी जायचं होतं. पुन्हा ती भूल, ते पालथं पडणं, ते उठल्यावरचं कण्हणं नको होतं. आणि ओळीत तिची जागा गेले तीन आठवडे मोकळी होती. रंभा रोज एक बोट या हिशेबानं कुठवर पोचली असेल ते तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. हरभरा तर हरभरा. हरभऱ्यानं कुणी मेलं आहे का?

"तो खडा दाखव बगू मना," ती म्हणाली. "काढलेला."

डॉक्टरनं लॅबला पाठवलेल्यातून उरलेले तुकडे बाटलीत ठेवले होते. मालननं झाकण उघडलं, एक तुकडा तळहातावर घेतला. तपकिरी, खरबरीत. नखानं दाबल्यावर कड भुकटी होऊन सुटली. तिनं तो नाकाशी नेला. प्राप्तीनं मान फिरवली.

तिला खाडीचा कातळ आठवला. तिचं माहेर खाडीच्या पार खालच्या अंगाला. ओहोटीला आईबरोबर ती कालवं, कातळावरचे शिंपले, फोडायला जाई. कातळभर कालवं चिकटलेली असत, अशीच खरबरीत, एकावर एक, फांद्या फुटल्यासारखी. आई कोयती मारून सगळं सोलून घेई. पण कातळाच्या खालच्या अंगाला, कोपऱ्यात, थोडी मुद्दाम ठेवी. लहान मालन तीही फोडायला जाई तेव्हा आई हातावर चापट मारी. ते बी आहे, ती म्हणे. बी ठेवलं की पुढल्या वर्साला कातळ भरतो.

आणि भरायचा. दर वर्षी. एकदाही चुकला नाही.

मालननं तुकडा बाटलीत टाकला. मग ती डॉक्टरकडे वळली आणि बाजारात फसवणाऱ्या गिऱ्हाइकाला लावते तो आवाज तिनं लावला.

"म्हंजे तू बी ठेवलंस!"

"काय?"

"खालच्या कोपऱ्यात. हरभऱ्याएवढं बी. पुढल्या बंदीला नांगी तयार! तुज्या आयला मी कधी पोटातली घाण ठेवून पापलेट दिलंय का? एक दिवस बी? इचार तिला."

 हाताखालच्या डॉक्टरांना डॉक्टर दर वर्षी हेच समजावत असे, चित्रं काढून, अर्धा तास. "तेच म्हणतेय मावशी," ती म्हणाली. "म्हणून परवा पुन्हा जायचं."

"परवा कशाला? उद्या जा."

"गो मालन..." भिवा म्हणाला.

"तुमी गप बसा. होडी विकून कालवं विसरलात तुमी."

दुसरं ऑपरेशन चाळीस मिनिटांचं झालं. हरभरा निघाला. त्यानंतरच्या सीटीत डावी किडनी मोकळी होती, ओहोटीनंतरच्या कातळासारखी, खरवडून साफ. काम मात्र ती एक तृतीयांशच करत होती. गेलेलं परत येणार नव्हतं, हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. उरलेलं राखायचं असेल तर सहा महिने रोज एक गोळी, दर महिन्याला लघवीची तपासणी, सिरप बंद, आणि दिवसाला तीन लिटर पाणी.

पहिल्या सगळ्या गोष्टींना मालननं मान हलवली. शेवटच्या गोष्टीवर ती हसायला लागली, पाठ दुखेपर्यंत.

"तीन लिटर? आनि जायचं कुठं? तुज्याकडं?"

प्रश्न कुत्सित होता. पण दवाखान्यात स्वच्छतागृह होतं, बाजारापासून पाच मिनिटांवर, बिनकुलपाचं. लघवीच्या डॉक्टरच्या दारात तेवढं तरी असायचंच. डॉक्टरनं विचार न करता उत्तर दिलं, आणि तिथं ती फसली.

"या की," ती म्हणाली.

बंदी आली. मासे सुट्टीवर गेले आणि मालनही, खाटेवर. तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट तिनं प्राप्तीकडून दोनदा वाचून घेतला. जंतू नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, आणि मालन पहाटे साडेचारला बाहेर पडली, पाटीत पाण्याची तीन लिटरची कॅन घेऊन.

ओळीत तिची जागा होती. म्हणजे, होती थोडीफार. रंभाची पाटी वीतभर आत आलेली होती. मालननं वीत पाहिली. रंभानं मालननं पाहिलेलं पाहिलं.

"चार महिन्यांत वीतभरच?" मालन म्हणाली. "आजारी होतीस काय?"

"माल कमी होता," रंभा म्हणाली. "नायतर गेली होती तुजी."

साडेसातला मालन उठली. "बग माजी पाटी," ती म्हणाली आणि दवाखान्याकडे चालू लागली. अशी ती दोनपर्यंत सहा वेळा उठली. महिन्याभरात ओळीतल्या दुसऱ्या बायका तिच्याबरोबर उठू लागल्या, दोघी-दोघी, पाळीनं. नौपाड्याच्या त्या दवाखान्यात, गुळगुळीत मासिकं वाचत बसलेल्या सभ्य पेशंटांमधून दर तासाला दोन कोळणी कोलंबीच्या वासासकट आरपार जात आणि परत येत. रिसेप्शनवरच्या मुलीनं तक्रार केली. डॉक्टरनं सांगितलं, हा माझ्या उपचाराचा भाग आहे. बाजारातल्या शौचालयाला अजून डाग पडलेला नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी रंभा मालनकडे वाकली. आवाज खाली आणला.

"गो, तुज्या त्या गोळ्यांतल्या दोन दे ना. लय जळतंय. वासबी येतो कसला तरी."

मालनचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. आत पाकीट होतं. हात तिथं थांबला.

"कसला वास?"

"कसला म्हंजे... बर्फाच्या कारखान्यागत."

मालननं पाण्याची कॅन उचलून रंभाच्या पुढ्यात आदळली. "पी. आनि ऊठ. डाक्टरनीकडं जा, बाटली देल ती, तिच्यात धरून दे. रिपोर्ट येस्तवर गोळी नाय, सरबत नाय."

"आनि माजी सुरमई?"

"मी विकते. तुज्यापेक्षा दोन पैसं जास्त घेन."

रंभा कुरकुरत उठली. चार पावलं गेली, वळली, आपल्या पाटीकडे पाहिलं, मालनकडे पाहिलं. आणि गेली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत मालन थांबली. मग तिनं रंभाची पाटी एक बोट मागं ढकलली. आता तीन लिटर पाणी म्हणजे दिवसाला सहा फेऱ्या, रंभाच्याही सहा. या हिशेबानं दिवाळीपर्यंत वीत परत मिळायला हरकत नव्हती.